एक नकार

दर वर्षीं मार्च महिन्याची आठवी तारीख आली म्हणजे आमच्या कॉलेजच्या सभागृहांत एका लांबट टेबलावर पांढरी चादर अंथरून तसबिरींची एक रांग मांडण्यांत येते. या तसबिरी एरवीं ग्रंथालयाच्या पोटमाळ्यावर एका पेटाऱ्यांत असतात आणि त्या पेटाऱ्याची किल्ली आमच्या जुन्या शिपायाजवळ असते. सावित्रीबाई फुले, पंडिता रमाबाई, डॉक्टर आनंदीबाई जोशी, रमाबाई रानडे अशी ती रांग ठरलेली आहे. शिपायाला ती इतकी पाठ झाली आहे कीं, तसबिरीकडे न पाहतांहि तो ती नेमकी आपल्या जागीं ठेवतो. मग झेंडूचे हार येतात, समई लागते, विद्यार्थिनी स्वागतगीत म्हणतात, आणि त्यानंतर आमचें व्याख्यान होतें.

हें व्याख्यानहि त्या तसबिरींप्रमाणेंच ठरलेलें आहे. तें करण्याचें काम आमच्याकडे येऊन आज बावीस वर्षें झालीं. आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक. मिल्लसाहेबांनीं स्त्रियांच्या दास्याविषयीं १८६९ सालीं प्रसिद्ध केलेला निबंध आम्हीं विद्यार्थिदशेंत वाचलेला. शिवाय आमचा आवाज ध्वनिक्षेपकावांचून शेवटच्या बांकापर्यंत पोंचतो. एवढ्या तीन गुणांवर स्त्रियांच्या हक्कांचा कैवार आमच्याकडे सोंपविण्यांत आला, आणि आम्हींहि तो विनातक्रार पत्करला. सावित्रीबाईंनीं १८४८ सालीं पुण्यास भिडे यांच्या वाड्यांत मुलींना शिकविलें. आनंदीबाई १८८६ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षीं, वयाचीं बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नसतां, वारल्या. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढलें. रमाबाई रानडे यांनीं १९०९ सालीं पुण्यास सेवासदन उभें केलें. हा मजकूर आम्हांस इतका मुखोद्गत झाला आहे कीं, तो म्हणत असतांना घरीं जातां जातां कोणती भाजी न्यावयाची, याचा विचार करतां येतो. वाचकांस हें ऐकून खेद वाटेल. परंतु खरें तेंच सांगावयाचें असें ठरवून आम्ही हा लेख लिहावयास बसलों आहों.

यंदा मात्र थोडा फरक पडला. आमची थोरली बहीण (आम्ही तिला ताई म्हणतों) मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं आमच्याकडे येऊन राहिली होती. डोळ्यांवर काळा चष्मा, वाचावयाची बंदी, दूरदर्शन पाहावयाची बंदी. तेव्हां ती दिवसभर अगदीं कंटाळून जाई. सात तारखेस रात्रीं जेवतांना ती म्हणाली, "उद्यां तुझें भाषण आहे म्हणे. मी येऊं का ऐकायला? कानांना कांहीं बंदी केलेली नाहीं." ताईनें आमचें व्याख्यान पूर्वीं कधींच ऐकलें नव्हतें. तेंच घासून गुळगुळीत झालेलें भाषण तिच्यापुढें म्हणण्याची आम्हांस लाज वाटली, व कांहीं नवें सांपडतें का हें पाहण्यासाठीं त्या रात्रीं आम्ही जुनीं पुस्तकें काढून बसलों. त्यांत रखमाबाईंच्या खटल्याची हकीकत पुन्हां आमच्या हातीं आली.

रखमाबाईंचें नांव पुष्कळ वाचकांनीं ऐकलें असेल. परंतु खटल्याच्या पायऱ्या बहुतेकांच्या लक्षांत नसतात, म्हणून त्या थोडक्यांत सांगतों. रखमाबाईंचा जन्म १८६४ सालीं मुंबईस झाला. वडील लहानपणींच वारले. त्यांच्या जातींत विधवेच्या पुनर्विवाहाची चाल होती. तिला अनुसरून आई जयंतीबाई यांनीं डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशीं दुसरें लग्न केलें. हे सखाराम अर्जुन मुंबईतील नामांकित वैद्य असून वनस्पतिशास्त्राचेहि मोठे जाणते होते. रखमाबाईंचें लग्न अकराव्या वर्षीं दादाजी भिकाजी नांवाच्या एकोणीस-वीस वर्षांच्या तरुणाशीं झालें. लग्नानंतर ही मुलगी सासरीं नांदावयास गेली नाहीं. सावत्र वडिलांच्या घरींच राहिली, घरींच शिकली, आणि जसजशी शिकली तसतसें आपल्या नांवावर काय होऊन गेलें आहे, हें तिला उमजूं लागलें.

१८८४ सालीं बायको नांदावयास यावी म्हणून दादाजींनीं मुंबईच्या हायकोर्टांत दावा लाविला. रखमाबाईंचें म्हणणें असें कीं, हें लग्न आपल्या अजाण वयांत, आपली संमति नसतां झालें. आपण तें मानीत नाहीं व त्या घरीं जाणार नाहीं. १८८५ च्या सप्टेंबरांत न्यायमूर्ति पिन्हे यांनीं दावा फेटाळला. जी स्त्री त्या पुरुषाबरोबर कधीं राहिलीच नाहीं, तिला तिच्या मर्जीविरुद्ध त्याच्या स्वाधीन करणें हा रानटीपणा होईल, असा त्यांचा अभिप्राय पडला. दादाजींनीं अपील केलें. १८८६ सालीं सरन्यायाधीश सार्जंट व न्यायमूर्ति बेली यांनीं तो निकाल फिरवून खटला पुन्हां चालविण्यास पाठविला. आणि १८८७ च्या मार्चमध्यें न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम दिला कीं, रखमाबाईंनीं एका महिन्याच्या आंत नवऱ्याच्या घरीं जावें, न गेल्यास सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास भोगावा. रखमाबाईंनीं उत्तर दिलें कीं, आपण तुरुंग पत्करूं. त्या वेळीं त्यांचें वय बावीस वर्षांचें होतें. आमच्या बी. ए.च्या शेवटच्या वर्गांतील मुलींहून त्या एखाद-दुसऱ्या वर्षानेंच मोठ्या होत्या.

तुरुंगांत जाण्याची पाळी शेवटीं आली नाहीं. १८८८ च्या जुलैमध्यें दादाजींनीं दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली व हुकमाची बजावणी सोडून दिली. पुढल्या वर्षीं रखमाबाई विलायतेस गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेंत शिकल्या, १८९४ सालीं डॉक्टर झाल्या, आणि परत येऊन सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या दवाखान्यांत त्यांनीं सुमारें पस्तीस वर्षें काम केलें. एक विलक्षण गोष्ट त्यांचे चरित्रकार सांगतात. १९०४ सालीं दादाजी वारल्याचें कळलें, तेव्हांपासून रखमाबाईंनीं विधवेचें पांढरें लुगडें नेसण्यास आरंभ केला. ज्याच्या घरीं न जाण्यासाठीं त्या तुरुंगांत जावयास तयार होत्या, त्याच्या मरणाची खूण त्यांनीं अंगावर कां घेतली? हा प्रश्न आम्हांस त्या रात्रीं पुष्कळ वेळ छळीत होता. त्याचें उत्तर आम्हांस सांपडलें नाहीं. आणि तें सांपडलेंच पाहिजे असा हट्ट धरण्याचा अधिकार आपणांस आहे का, हा दुसरा प्रश्न आमच्या मनांत अजून यावयाचा होता.

या खटल्यांत त्या काळच्या लोकांनीं केवढें रण माजविलें! बेहरामजी मलबारी यांच्यासारखे सुधारक रखमाबाईंच्या पाठीशीं उभे राहिले. कामा हॉस्पिटलच्या डॉक्टर एडिथ पीची यांनीं त्यांस सर्व प्रकारें साह्य केलें. उलट बाजूस लोकमान्य टिळकांसारख्या थोर पुरुषानेंहि आपलें वजन रखमाबाईंच्या विरुद्ध पारड्यांत टाकलें. धर्म बुडाला, कुटुंबसंस्था बुडाली, बायका आतां मन मानेल तसें वागूं लागणार, अशी एकच ओरड झाली. यांत मौजेची गोष्ट अशी कीं, ज्या दाव्याच्या रक्षणासाठीं ही धर्माची हांक मारण्यांत आली, तो दावा आपल्या धर्मशास्त्रांतला नव्हेच. बायकोला किंवा नवऱ्याला नांदावयास लावण्याचा हा दावा मूळचा इंग्लंडांतील ख्रिस्ती धर्मपीठाच्या न्यायालयांचा. हिंदु धर्मशास्त्रांत त्याला आधार नाहीं, तो इंग्लंडांतून उपटून येथें आणून लाविलेला आहे, असें न्यायमूर्ति पिन्हे यांनीं आपल्या निकालांत म्हटलेंच होतें. याहून नवल असें कीं, ज्या १८८४ सालीं दादाजींनीं मुंबईस दावा लाविला, त्याच सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटनें कायदा करून असला हुकूम न पाळणाऱ्यास तुरुंगांत टाकण्याची शिक्षा आपल्या देशापुरती काढून टाकली. विलायतेनें टाकून दिलेला कोट अंगांत घालून आमचे लोक सनातन धर्माचें रक्षण करीत होते!

आपल्याकडे तुरुंगाची ती शिक्षा १९२३ सालच्या दुरुस्तीनें गेली. इंग्लंडनें तर तो दावाच मुळीं १९७० सालीं रद्द केला. परंतु आपल्या १९५५ सालच्या हिंदु विवाह कायद्यांत नवव्या कलमाच्या रूपानें तो राहिला. १९८३ सालीं आंध्र प्रदेशच्या हायकोर्टानें तें कलम घटनाविरोधी ठरविलें. पुढल्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें दुसऱ्या एका खटल्यांत तें वैध ठरविलें. रखमाबाई वारल्या त्या १९५५ च्या सप्टेंबरांत, नव्वदी उलटल्यावर. हिंदु स्त्रीला घटस्फोटाचा हक्क जवळजवळ सबंध देशांत देणारा कायदा त्याच वर्षीं मे महिन्यांत झाला होता, आणि ज्या दाव्यानें त्यांचें तारुण्य कोर्टाच्या पायऱ्यांवर गेलें तो दावाहि त्याच कायद्यांत सुखरूप होता. एका हातानें दिलें आणि दुसऱ्या हातानें राखून ठेविलें, असा हा प्रकार.

हें सर्व वाचून झाल्यावर आमच्या मनांत पहिला विचार आला तो असा कीं, रखमाबाईंची तसबीर आमच्या रांगेंत कां नाहीं? उत्तर शोधण्यास फार दूर जावें लागलें नाहीं. ज्या बाईनें कांहीं मिळविलें किंवा उभारलें, तिला हार घालणें सोपें असतें. शाळा, पदवी, सदन ही हार अडकविण्याची खुंटी होय. रखमाबाईंना डॉक्टर म्हणून त्या रांगेंत बसवितां येईल, आणि कित्येक ठिकाणीं बसवितातहि. पण तसें करतांना आपण त्यांच्या पदवीखालीं त्यांचा नकार झांकून टाकतों. त्यांचें सर्वांत मोठें कृत्य डॉक्टर होणें हें नव्हे. डॉक्टर आनंदीबाईहि झाल्या होत्या. त्यांचें कृत्य हें कीं, त्या नाहीं म्हणाल्या, आणि नाहीं म्हणूनच राहिल्या. नकाराला हार कोठें अडकवावयाचा?

दुसरा विचार याहून अडचणीचा होता. त्या चार वर्षांत सगळा समाज रखमाबाईंना एकच गोष्ट विचारीत होता: कारण काय? नवरा दरिद्री आहे म्हणून? त्याची प्रकृति बरी नाहीं म्हणून? शिकून गर्व झाला म्हणून? बापाच्या पश्चात् आलेली मिळकत हातची जाईल म्हणून? कीं सावत्र बापानें कान फुंकले म्हणून? जो तो आपापल्या पसंतीचें एक कारण घेऊन पुढें येई आणि त्यावर वाद घाली. शत्रूच असें करीत असें नाहीं. मित्रहि तेंच करीत. रखमाबाई स्वतः मात्र मुख्यतः हेंच सांगत होत्या कीं, मला विचारलें नव्हतें आणि मला जावयाचें नाहीं. एवढें पुरेसें आहे, असें मानणारीं माणसें त्या वेळीं थोडीं होतीं. पुस्तक मिटून दिवा मालवितांना आम्हांस एकदम आठवलें कीं, तीं माणसें आमच्या घरींहि थोडींच होतीं. आणि जीं नव्हतीं त्यांत आम्ही होतों.

ही गोष्ट १९९२ सालची. ताईचें लग्न होऊन चार वर्षें झालीं होतीं. आमचें घर कोंकणांत, राजापूरच्या बाजूस. वडील शाळामास्तर, नुकतेच निवृत्त झालेले. दिवाळीला अजून तीन आठवडे होते. एके दिवशीं संध्याकाळच्या एस्. टी.नें ताई एकटीच घरीं आली. तिच्याबरोबर पत्र्याची ट्रंक होती. माहेरपणाला येणारी मुलगी पिशवी घेऊन येते, ट्रंक घेऊन येत नाहीं. त्यामुळें ती ट्रंक अंगणांत ठेविली गेली तेव्हांच घरांतलीं सर्व माणसें गप्प झालीं. वडिलांनीं विचारलें, "किती दिवस राहणार?" ताई म्हणाली, "मला परत जायचें नाहीं."

आईनें विचारलें, मारतात का? ताईनें मान हलवून नाहीं म्हटलें. उपाशी ठेवतात का? नाहीं. पितात का? नाहीं. बाहेर कांहीं भानगड? नाहीं. मग झालें तरी काय? "मला तेथें राहायचें नाहीं." याच्यापलीकडे तिनें कांहींएक सांगितलें नाहीं. तीन दिवस असे गेले. शेजारच्या बायका विरजण मागण्याच्या निमित्तानें येऊन ट्रंक पाहून गेल्या. चौथ्या दिवशीं वडील आम्हांस म्हणाले, "तूं शिकलेला आहेस. तूं तिला समजाव."

आम्ही त्या वेळीं बावीस वर्षांचे होतों आणि एम्. ए.च्या पहिल्या वर्षांत होतों. मिल्लच्या त्या निबंधावर आम्हीं लिहिलेल्या टिपणाची प्राध्यापकांनीं वर्गांत वाखाणणी केली होती. स्त्रीचें दास्य हें निसर्गाचें नसून संवयीचें आहे, हें आम्हीं मोठ्या तडफेनें मांडलें होतें. तें टिपण आमच्या पेटींत होतें. आणि मागील पडवींत ताईसमोर बसून आम्हीं तिला विचारलें कीं, प्रत्येक निर्णयाला कारण असावयास पाहिजे, तुझें कारण काय? तें सबळ असेल तर आम्ही तुझ्या बाजूनें उभे राहूं. तिनें कारण दिलें नाहीं. आम्हीं तें नाहीं असें धरलें. मग आम्हीं मुद्देसूद बोललों. आई-वडिलांचें वय, पेन्शनची रक्कम, धाकट्या बहिणीचें व्हावयाचें लग्न, घटस्फोटाच्या कायद्यांतील अडचणी, एकट्या बाईचें पुढील आयुष्य असे एकामागून एक मुद्दे घेतले. आमचा आवाज तेव्हांहि चांगला होता. ताई सुपारी कातरीत बसली होती. दिवेलागणीला तिनें अडकित्ता खालीं ठेवला व म्हणाली, "बरें."

तो आमच्या युक्तिवादाचा विजय आहे, असें आम्हांस वाटलें. दुसऱ्या दिवशीं आम्हींच तिला पोंचवावयास गेलों. ट्रंक आमच्याच खांद्यावर होती. तिचें निराळें तिकीट काढावें लागलें, तेंहि आम्हीं काढलें. सबंध वाटेंत ताई एकदांच बोलली: "खिडकी लाव, धूळ येते."

पुढें तिचा संसार कसा झाला? दोन मुलगे झाले, ते शिकले, मार्गाला लागले. यजमान सहा वर्षांपूर्वीं वारले. भला माणूस होता असें लोक म्हणत, आणि आम्हीहि म्हणत असूं. ताई हंसते, बोलते, नातवंडांना गोष्टी सांगते. तिचें वाईट झालें असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. चांगलें झालें असेंहि म्हणवत नाहीं. आम्हांस ठाऊकच नाहीं. इतक्या वर्षांत आम्हीं तिला तें विचारलें नाहीं, आणि दर आठ मार्चला स्त्रियांच्या हक्कांवर मात्र व्याख्यान दिलें.

दुसऱ्या दिवशीं ताई काळा चष्मा लावून पहिल्या रांगेंत बसली होती. आम्हीं ठरलेला मजकूर बाजूस ठेवून रखमाबाईंची गोष्ट सांगितली. तुरुंग पत्करण्याच्या ठिकाणीं सभागृह अगदीं शांत झालें. विलायतेच्या जुन्या कोटाच्या ठिकाणीं मुलीं-मुलांनीं हंसून टाळ्या पिटल्या. व्याख्यान चांगलें झालें असें प्राचार्य म्हणाले. त्यांत एक गोष्ट सांगावयाची राहिली होती, ती आम्हांस व पहिल्या रांगेंतील एका बाईस ठाऊक होती.

घरीं येतांना रिक्षांत ताई बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग तिनें विचारलें, "अरे, त्या रखमाबाईला माघारीं जा म्हणणारें घरचें कोणी नव्हतें का रे?"

आम्हीं मास्तरी संवयीनें उत्तर दिलें. सांगितलें कीं, तिचे आजोबा आणि सावत्र वडील तिच्या पाठीशीं होते. वडील तर खटला चालू असतांनाच, पहिला निकाल लागण्यापूर्वीं, १८८५ च्या एप्रिलांत वारले. पण तोंपर्यंत त्यांनीं तिला एकटी पडूं दिलें नव्हतें. ताई म्हणाली, "तरीच."

हा एक शब्द आम्हीं वाचलेल्या सर्व ग्रंथांहून अधिक सांगून गेला. आम्ही इतिहास लिहितांना धैर्य हा एकेकट्या व्यक्तीचा गुण समजतों. जणूं कांहीं जन्मतःच कोणाच्या पदरीं तें अधिक पडतें. रखमाबाईंच्या धैर्याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु त्यांच्या 'नाहीं'ला राहावयास एक घर होतें. जिच्या 'नाहीं'ला घर नसतें, तिचें तें परतीच्या एस्. टी.नें ट्रंकेबरोबर जातें, आणि त्याची नोंद कोणत्याहि निकालपत्रांत होत नाहीं. स्त्रियांच्या हक्कांच्या इतिहासांत ज्यांचीं नांवें आहेत त्यांच्याइतक्याच, किंबहुना त्यांच्याहून कितीतरी अधिक, अशा स्त्रिया असल्या पाहिजेत कीं, ज्या एकदांच नाहीं म्हणाल्या आणि ज्यांस कोणा तरी सुशिक्षित भावानें समजावून परत पाठविलें. हे भाऊ सगळेच सनातनी नव्हते. कांहींनीं मिल्ल वाचला होता.

त्या रात्रीं ताईच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालावयास आम्ही तिच्या खोलींत गेलों. मनाशीं पुष्कळ जुळवाजुळव करून शेवटीं म्हटलें, "ताई, तेव्हां तुला परत कां जायचें नव्हतें? आतां तरी सांग."

ती थोडी हंसली. "आतां कशाला? तेव्हांहि तूं कारणच विचारत होतास."

आम्हांस पुढें बोलवेना. तीच म्हणाली, "घाल थेंब. नऊ वाजून गेले." पहिला थेंब गालावर पडला. "नीट बघून घाल," ती म्हणाली. दुसरा बरोबर पडला.

वाचकांपैकीं कोणी म्हणतील कीं, कारण विचारण्यांत गैर काय? बुद्धिवादी माणसानें दुसरें करावें तरी काय? आम्हीहि आयुष्यभर असेंच मानीत आलों. पण कारण दोन प्रकारांनीं विचारतां येतें, हें आतां उशिरां ध्यानांत येतें. एक, समोरच्याचें दुःख कळावें म्हणून. आणि दुसरें, तें पुरेसें आहे कीं नाहीं हें आपण ठरवावें म्हणून. पहिल्यांत आपण बहिणीशेजारीं बसलेलों असतों. दुसऱ्यांत न्यायाधीशाच्या खुर्चींत. १८८७ सालीं मुंबईच्या कोर्टांत त्या खुर्चीवर फॅरनसाहेब बसले होते, आणि ते निदान त्यासाठीं नेमलेले होते. आमच्या पडवींत ती खुर्ची आम्हांस कोणी दिली होती? वडिलांनीं दिली म्हणावें, तर त्यांस ती कोणी दिली होती? ज्या स्त्रियांच्या तसबिरी आम्ही मांडतों, त्यांनीं आपापल्या परीनें याच खुर्चीला हात घातला. शाळा, पदवी, सदन हीं सर्व त्याचीं साधनें. रखमाबाईंनीं कोणत्याहि साधनावांचून, नुसत्या एका शब्दानें तिला हात घातला. म्हणून त्यांचें कृत्य उघडें दिसतें, आणि म्हणूनच तें पाहणें आमच्यासारख्यांस अवघड जातें.

पुढील वर्षापासून त्या रांगेंत रखमाबाईंची तसबीर असावी, असा अर्ज आम्हीं प्राचार्यांकडे दिला आहे. तो मंजूर होईल. खर्च फारसा नाहीं, आणि शिपायानें जागाहि सुचविली आहे. व्याख्यानाच्या कामांतून मात्र आम्हीं आपली सुटका मागितली. तें काम कोणाकडे द्यावें असें प्राचार्यांनीं विचारलें, तेव्हां आम्हीं बी. ए.च्या एका विद्यार्थिनीचें नांव सुचविलें. ती त्या दिवशीं टाळ्या न पिटतां वहींत कांहीं टिपून घेत होती.

त्याआधीं एकदां आमच्या मनांत आलें कीं, ताईलाच विचारून पाहावें. कोणी सांगावें, तिला चार शब्द बोलावेसे वाटतील. ती गांवीं जावयास निघाली त्या सकाळीं आम्हीं विचारलें. ती पिशवी भरीत होती. मान वर न करतां ती म्हणाली, "नाहीं."

कारण आम्हीं विचारलें नाहीं.